उतारावरचं रीडिंग

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेत, एका बर्फाळ खिंडीच्या पायथ्याशी होती. मी एमटी हवालदार, म्हणजे गाड्या सांभाळणारा, ताब्यात अकरा ट्रक. रोज सकाळी सहाला फर्स्ट परेड. म्हणजे गाडी कामाला निघण्याआधी टायर, पाणी, डिझेल, तेल बघायचं, शीटवर लिहायचं आणि खाली माझी सही. सही झाल्याशिवाय एकही चाक हलत नसे.

तेल बघणं तुम्हा सिव्हिलियन लोकांना फालतू वाटतं. परवा रत्नागिरीत आमच्या शेजारच्या बँकवाल्याने गाडी चढावर उभी केली, इंजिन बंद केल्या केल्या तेल मोजायची काठी ओढली, "कमी आहे" म्हणाला आणि लिटरभर तेल ओतलं. मी गप्प राहिलो. बोललो असतो तर मिलिटरीवाला किरकिरा आहे असं म्हणाला असता. किरकिरा आहेच मी. आणि त्याला कारण आहे.

गाडी सपाटीवर लावायची. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. काठी काढायची, कोरडी पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल कुठवर लागलंय ते बघायचं. दोन्ही बाजू वेगळं दाखवत असतील तर कमी दाखवते ती खरी धरायची. एवढंच आहे. एवढंही लोकांना जमत नाही, आणि एका सकाळी ते मलाही जमलं नाही.

तिथल्या थंडीत बॅटऱ्या दगा देत. म्हणून ट्रक आदल्या संध्याकाळीच नाक उताराला करून लावायचे. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळत सुरू होई. सोय चांगली, पण तशा उभ्या गाडीत सगळं तेल पुढे गोळा होतं, आणि आमच्या ट्रकची काठी पुढच्याच अंगाला. ती कायम जास्त दाखवायची. म्हणून मीच नियम केला होता की ट्रक आधी खालच्या पटांगणात आणायचे, बंद करायचे, दहा मिनिटांनी तेल बघायचं. जो हा नियम मोडेल त्याला मी पाठीवर भरलेला पिट्टू लादून पळवत असे.

त्या दिवशी खिंडीचं फाटक वर जाणाऱ्या गाड्यांसाठी सात ते आठ उघडं राहणार होतं. एका ट्रकचा टायर बसला, त्यात पंचवीस मिनिटं गेली. कंपनी कमांडरचा फोन आला की आज रसद वर पोचलीच पाहिजे. मी ड्रायव्हरांना सांगितलं, जागेवरच तेल बघा.

तीन नंबरच्या ट्रकवर लान्स नायक संदेश मयेकर होता. जयगडचा. वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. अख्ख्या प्लाटूनमध्ये माझ्या जिल्ह्याचा तो एकटाच, म्हणून मी त्याच्याशी जरा जास्तच कडक वागत असे.

"उस्ताद, गाडी उताराला आहे. खाली घेतो, दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटं आहेत का आपल्याकडे?"

"गाडीखाली तेलाचा डाग पडलाय."

"काठी काय दाखवते?"

"फुल. पण उतारावर ती..."

"फुल आहे ना? मग चल. गाऱ्हाणी नकोत."

तो गाडीत चढला. मी शीटवर सही केली. वेळ, सहा पन्नास.

मी सगळ्यात पुढच्या गाडीत, टायगर वन. आठ पंचवीसला रेडिओवर त्याचा आवाज आला. "टायगर वन, टायगर थ्री. ऑइल प्रेशर गिर रहा है. ओव्हर."

"टायगर थ्री, आगे चौडी जगह है, चार सौ मीटर. वहाँ रुको. ओव्हर."

"विल्को." म्हणजे, तसंच करतो.

चारशे मीटर तो पोचला नाही. ऐन चढावर इंजिन सीझ होऊन जाम झालं. रस्ता एका गाडीपुरता, खाली बर्फ, मागच्या ट्रकमध्ये बारा जवान. हँडब्रेक ओढलेला असूनही ट्रक मागे सरकायला लागला. मयेकरने को-ड्रायव्हरला मागची गाडी थांबवायला पिटाळलं आणि स्वतः चाकामागे लावायचे चॉक घेऊन उतरला. पहिला चॉक बसला. दुसरा बसवताना त्याचा पाय निसटला आणि चाक त्याच्यावर आलं. ट्रक तिथेच थांबला. मागचे बाराही जवान वाचले. आठ एकतीसला मी तिथे पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला दोन प्रश्न विचारले.

"फर्स्ट परेड किसने ली?"

"मैंने, साहब."

"ऑइल लेव्हल?"

"फुल, साहब."

काठीने फुलच दाखवलं होतं. गाडी कुठे उभी असताना, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चौकशीच्या आदल्याच दिवशी मी एकटा दुसरा एक ट्रक घेऊन बसलो होतो. उतारावर काठी फुल दाखवत होती. तोच ट्रक सपाटीवर आणला तर तेल खालच्या खुणेलाही लागलं नाही. मला सगळं कळलं होतं. अहवालात आलं की ऑइल प्रेशरची सुई पडल्याचं ड्रायव्हरने उशिरा कळवलं.

गावात एवढंच पोचलं की मयेकरच्या पोराने इंजिन जाळलं. ज्या माणसाने तीस वर्षं ट्रॉलरचं इंजिन सांभाळलं, त्याच्या तोंडावर लोक हे बोलत होते. रिटायर होऊन मी रत्नागिरीत आलो. जयगड इथून तासाभराचा रस्ता. तिथे जायला मला तीन वर्षं लागली. भित्रा म्हणा, मी ऐकून घेईन.

गेल्या महिन्यात गेलो. संदेशचे वडील, महादेवकाका, पडवीत जाळं सांधत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मना ठाव होता," ते म्हणाले. "बोट डुलत असली तर काठीला हात लावायचा नाय, ह्या मीच शिकवलाय त्याला. खाडीत निवांत लागली की मगच तेल बघायचा."

त्यांनी जाळ्याचा पुढचा टाका घातला.

"तिथं साहेबासमोर का नाय बोललास?"

"प्रमोशन होतं, काका."

"मिळाला?"

"मिळालं. नायब सुभेदार झालो."

त्यांच्या हातातली सुई थांबली. "माज्या घरात पाणी नाय मिळायचा तुला."

"नको, काका."

"आणि मना सांगून काय उपयोग? मना ठावच होता. ज्यांना नाय ठाव त्यांना जाऊन सांग. जेटीवर जा."

चार वाजता जेटीवर मासळीचा लिलाव चालू होता. मी मधोमध उभा राहून मोठ्याने बोललो. कोणीतरी शिवी घातली. एक म्हातारा माझ्या पायाशी थुंकला. मला राग आला नाही. माझ्या वाट्याचं ते मला उशिरा मिळालं, एवढंच वाटलं. पण जेटीवर होती सगळी मिळून पन्नास माणसं, म्हणून इथे लिहितो आहे.

लान्स नायक संदेश महादेव मयेकर, मुक्काम जयगड. त्याने तेल बघायला सपाट जागा आणि दहा मिनिटं मागितली होती. मी दिली नाहीत.