मंगळवारचे शहात्तर किलोमीटर

आमचं घर बौद्ध. आमच्यात आत्माच मानत नाहीत, तर भूत कुठून येणार? त्यात मी वरोऱ्याला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. एखादी वस्तू हलली तर तिला कुठून तरी ताकद मिळालेली असते, एवढं शास्त्र मला पुरतं. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी सुजाताला, म्हणजे बायकोला, मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. आज माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे. ब्रह्मपुरीला एका घरी दोन सायलेन्सरवाली जुनी टूरिंग मोटरसायकल पडून आहे असं कळलं. ती बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. गेलो तर गाडी गोठ्यात, तणशीच्या पेंढ्यांखाली. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण, पुढच्या चाकाच्या तारा तुटलेल्या. पण मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या होत्या, हाताने ठोकून केलेल्या, आतून थर्माकोल लावलेल्या. त्या पाहूनच मी विरघळलो.

"गाडी बाबाची होती," विकणारा प्रवीण म्हणाला. तिशी-पस्तिशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. "सिकलसेलच्या तपासणीले फिरत होते खेड्यापाड्यात. पेटीत रक्ताच्या नळ्या ठेवत. समदे त्याहिले सिकलवाले भाऊच म्हनत."

"आता?"

"वारले."

भाव इतका कमी सांगितला की मी घासाघीससुद्धा केली नाही. नाव बदलायला वडिलांच्या मृत्यूचा दाखला लागेल म्हटलं, तर म्हणाला, "पाठवतो न."

गाडी पिकअपमध्ये टाकून आणली. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिला लाकडी ठोकळ्यांवर उभी केली आणि कामाला लागलो. माझी एक सवय आहे — खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढायचा आणि वहीत टिपून ठेवायचं. मीटरवर आकडा होता ६१२८४. पुढचं चाक काढलं. मीटरची केबल मुळातच तुटलेली होती, ती फेकून दिली.

दहाएक दिवसांनी हेडलाइटची वायरिंग बघताना सहज लक्ष गेलं. मीटरवर ६१३६०.

वाटलं, वहीत चुकलं असेल. फोटो उघडला. फोटोत ६१२८४ स्पष्ट दिसत होतं. ज्या गाडीला पुढचं चाक नाही, केबल नाही, ती शहात्तर किलोमीटर चालली होती! मी शेजाऱ्यांवर संशय घेतला, मीटरच्या दातेरी चाकांवर घेतला. मग मीटर गाडीवरून उतरवून घरात आणलं, सुजाताच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. रोज सकाळी बघायचो. काही नाही. बुधवारी कपाट उघडलं तर ६१४३६. पुन्हा शहात्तर. म्हणजे जे काही झालं ते मंगळवारी.

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली. मीटर मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. लख्ख ऊन होतं, समोर सुजाता तांदूळ निवडत होती. अकराच्या सुमारास काटा थरथरला. वीसवर गेला, तिसावर, चाळीसावर जाऊन स्थिर झाला. शेवटचा पांढरा आकडा हळूहळू वर सरकायला लागला. मध्येच काटा खाली यायचा, एकदम दहावर, मग परत चढायचा... रपट्याशी, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाशी, गाडी हळू करावी तसं. माझ्या हातात नुसतं काचेचं नि पत्र्याचं डबडं होतं. खालची केबलची जागा मोकळी, त्यात मी माझी करंगळी घातली होती.

सुजाताच्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणाली, "अहो... हे कोनी तरी चालवून राह्यलं."

अडतीस किलोमीटरवर काटा शून्यावर आला. तीनला परत सुरू झाला. पुन्हा अडतीस.

घाबरलो का? खरं सांगायचं तर मला राग आला. आपल्याला न कळणारं यंत्र आपल्याच घरात आहे, याचा राग. प्रवीणला फोन केला की तो दाखल्याचं काहीतरी सांगून टाळायचा. असे महिने गेले. शेवटी एका मंगळवारी न सांगता बसने ब्रह्मपुरी गाठली. मीटर सुजाताजवळ ठेवून गेलो.

प्रवीण घरी नव्हता. त्याच्या बायकोने दार उघडलं, पाण्याचा गिलास दिला. तेवढ्यात मागच्या खोलीतून कोणीतरी खोकललं.

"कोण आजारी आहे?"

"सासरे," ती म्हणाली. "लकवा मारला त्याहिले. सहा वर्सं झाली."

मी गिलास खाली ठेवला. "तुमचे सासरे... सिकलवाले भाऊ?"

"होय न. तुमी वयखता काय त्याहिले?"

मागच्या खोलीत खाटेवर एक हाडकुळा म्हातारा उताणा होता. डावं अंग मेलेलं, वाचा गेलेली. पण उजवा हात चादरीवर होता, मूठ वळलेली, आणि मनगट फिरत होतं. थोडं आपल्याकडे, मग सैल, मग परत. ज्याने गाडी चालवली आहे त्याला ते सांगावं लागत नाही.

"मंगयवारी लय करते असं," सून म्हणाली. "अकरा वाजले का सुरू. त्या दिवशी त्याहिची कुरखेड्याच्या अलीकडच्या गावाची फेरी असे. जाऊन-येऊन पाऊनशे किलोमीटर."

मी तिथेच उभ्या-उभ्या सुजाताला फोन लावला. "मीटर बघ. काय आहे?"

"चाळीसवर हाय."

म्हाताऱ्याची मूठ सैल झाली. मी फोन कानाला दाबून धरला.

"खाली येऊन राह्यला," सुजाता म्हणाली. "पंधरा... दहा..."

मनगट पुन्हा वळलं.

"अहो, चढला!"

मी फोन ठेवला. खाटेशी बसलो आणि म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणालो, "भाऊ, गाडी माझ्याकडे आहे. चांगली करतोय. चालू झाली की आणतो तुमच्या दारात, आवाज ऐकवतो." त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. हात थांबला नाही.

मग प्रवीण आला. मला तिथे पाहून त्याचाच आवाज चढला. "सहा वर्सं झाले सर, मीच हगमूत काढून राह्यलो! भाऊ पुन्याले, बहीन नागपूरले, कोनी फिरकत नाई. जिता हाय सांगतलं असतं तर तुमी त्याहिले भेटाले मागतलं असतं. गाडीचं नाव काढलं तरी रडते हा मानूस. ठेवून करू काय मी तिचं?"

त्याने फळीवरून गाडी नावावर करायचा फॉर्म काढला. वडील जिवंत आहेत म्हटल्यावर दाखल्याऐवजी त्यांचा अंगठा चालणार होता. शाईची डबीही घरात होती, पेन्शनच्या कागदांसाठी ठेवलेली.

म्हाताऱ्याने मूठ घट्ट मिटली. अंगात असेल-नसेल तेवढा जोर त्या मुठीत. प्रवीण एकेक बोट उकलत होता आणि कागद चादरीवर सरकत होता.

"सर, जरा धरा न."

मी धरला. त्याच खोलीत पडलेली एक पाटी कागदाखाली घातली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, ठसा फाटू नये म्हणून. आठ महिन्यांची मेहनत होती माझी त्या गाडीत, इंजिन बसवून झालं होतं. नाही म्हणायला तोंड होतं मला, वेळही होता. अंगठा उमटत असताना म्हातारा मुलाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

घरी आलो तेव्हा सुजाताने सांगितलं — पावणेबाराच्या आसपास काटा मध्येच एकदम पडला. परतीचे अडतीस तर झालेच नाहीत. मी ठसा घेतला ती वेळही तीच.

त्यानंतर मीटर हललं नाही. महिनाभराने प्रवीणच्या बायकोचा फोन आला, "हात हलवत नाईत आता. तुमी काय बोलले होते त्याहिच्या कानात? दाराकडेच पाहत रायते."

इंजिन तोवर चालू झालेलं होतं, पहिल्या किकला. मी त्याच आठवड्यात जाऊ शकत होतो. पण हेडलाइटची क्रोमची रिंग मिळत नव्हती आणि टाकीवरची सोनेरी रेघ ओढणारा पेंटर आजारी होता. अर्धवट गाडी काय दाखवायची, असं मी म्हणत राहिलो. आवाज ऐकवायला क्रोम कशाला लागतं, हे तेव्हा सुचलं नाही... की सुचलं आणि बाजूला सारलं, देव जाणे. बघा, देवाचं नावही तोंडात आलं.

रिंग आली त्या आठवड्यात भाऊ गेले. मी मातीला गेलो, बसने.

गाडी आता नवरीसारखी आहे. लोक थांबून फोटो काढतात. नवीन केबल टाकली, नागपूरच्या जुन्या कारागिराकडून मीटर तपासून आणलं. टेबलावर ड्रिल लावून फिरवलं की आकडे बरोबर पळतात. गाडीवर बसवलं की काटा वेग दाखवतो, पण आकडे एक किलोमीटरही पुढे जात नाहीत. सिरोंच्यापर्यंत जाऊन आलो, तरी तेच. कारागीर म्हणतो, असं होऊच शकत नाही. मीही फिटर आहे, मीही तेच म्हणतो.

सुजाता त्या गाडीवर अजून एकदाही बसलेली नाही. मी एकदा विचारलं, भीती वाटते का.

"गाडीची नाई वाटत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.