कूलरपुढची देवाणघेवाण

नागपुरात मे महिन्यात कूलरसमोरची जागा ज्याला मिळाली तो राजा. आमच्या प्रयोगशाळेत हा राजा म्हणजे इन्क्युबेटर, जंतू वाढवायची पेटी. ती पेटी गरम करते, थंड करत नाही. खोलीच तापली की पेटी सदतीस डिग्रीवर राहणार कशी? म्हणून आमच्याकडच्या एकुलत्या एक चाकांच्या कूलरचं तोंड कायम पेटीकडे. जंतू वाळ्याच्या गार हवेत आणि आम्ही पीएचडीवाले घामानं ओलेचिंब. मला याचा भयंकर राग यायचा.

माझा विषय होता जंतूंची देवाणघेवाण. एक जंतू दुसऱ्याला धरतो, दोघांमध्ये पूल होतो आणि औषधाला दाद न देण्याचा जीन इकडून तिकडे जातो. असा एक मुजोर जंतू मी नाल्याच्या पाण्यातून काढला होता. जात पोटातलीच, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असते ती. तो आपला जीन साध्या जंतूला देतो, एवढंच मला दाखवायचं होतं. दोघांना एका नळीत सदतीस डिग्रीवर ठेवायचं, मग अशा प्लेटवर पसरायचं की जीन मिळालेला साधा जंतूच तिथं जगेल. माझ्या प्लेटा दर वेळी कोऱ्या करकरीत.

"देत नसंल तो," माझे गाईड सर म्हणाले. "पावसाळ्याच्या आधी विषय बदलून टाक वं. काहून जिवाले त्रास करून घेतं?"

विषय बदलायला मी तयार नव्हते, कारण त्याचं मूळ आमच्या घरात होतं. आईला लघवीचा संसर्ग झाला तेव्हा साध्या गोळ्या लागूच पडल्या नाहीत. जबर इंजेक्शनं द्यावी लागली. आई वाचली, पण त्या औषधानं तिचा डावा कान पार गेला, उजव्यानं जवळून बोललेलं तेवढं ऐकू येतं. त्याच्या थोडं आधी बाबांना असाच संसर्ग झाला होता आणि बरं वाटल्यावर त्यांनी गोळ्या अर्ध्यातच सोडल्या होत्या. कोणीतरी डॉक्टर बोलून गेले, "अर्धवट औषध घेता, मग जंतू शिकतात." झालं! आपल्या पोटात जंतू शिकले आणि आपणच ते बायकोला दिले, हे बाबांच्या मनानं घेतलं. संध्याकाळी आई भाजी निवडायला बसली की ते तिच्या डाव्या बाजूची खुर्ची धरायचे आणि पुटपुटायचे, "माह्यामुळं झालं." मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. हे जंतू कुठं आणि केव्हा एकमेकांना जीन देतात, ते मला बाबांसाठी हवं होतं.

एका दुपारी दोन्ही जंतू नळ्यांत मिसळून मी पेटी उघडली, तर काटा बेचाळीसवर. माझं डोकंच फिरलं. "मरा मेल्यांनो," म्हटलं, पेटी बंद केली आणि कूलरचं तोंड सरळ माझ्याकडे वळवलं. नळ्या टेबलावरच, माझ्या शेजारी. आम्ही तिघं गार हवा खात बसलो, मी आणि दोन जातींचे जंतू. संध्याकाळी, टाकून कशाला द्यायचं म्हणून, त्या प्लेटांवर पसरल्या.

दुसऱ्या दिवशी प्लेटा ठिपक्यांनी भरलेल्या होत्या.

मी आधी ओरडले, मग घाबरले की काहीतरी घाण पडली असणार. पुन्हा केलं. कूलर परत पेटीकडे वळवला, अर्ध्या नळ्या आत नीट सदतीसवर, अर्ध्या बाहेर कूलरपुढे. पेटीतल्या कोऱ्या, कूलरपुढच्या भरगच्च. पोटातला जंतू म्हणून आम्ही त्याला पोटाची ऊब देत होतो, त्यासाठी स्वतः घाम गाळत होतो, आणि त्याला देणंघेणं करायला हवा होता नाल्याचा थंडावा!

मग वाचत गेले तशी थक्क होत गेले. पूल बांधायला ताकद लागते आणि त्याच पुलाला धरून विषाणूही आत घुसू शकतात. म्हणून पूल बांधायच्या जीनवर एक प्रोटीन झाकणासारखं बसून राहतं. ऊब असली की झाकण घट्ट, गारवा लागला की सैल. ना डोळे, ना मेंदू, एका पेशीचा जीव. आणि तरी कुठं हात आखडायचा, कुठं मोकळा सोडायचा, हे किती नेमकं! ज्यांना मेल्यांनो म्हटलं त्यांना मी मनातल्या मनात हात जोडले. सर प्लेट उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "बेटे मोठे हुशार आहेत वं," एवढंच म्हणाले आणि विषय तोच राहिला.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या पोटात नाही झालं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! पण खोटं कसं बोलू? "या नाल्यातल्या जंतूचं सांगता येते, बाबा. तो पोटात देत नाही. आईच्या अंगातला कोणता होता, ते आता कोणालेच सांगता येणार नाही. तुमच्यामुळंच झालं असं मात्र कोणी छातीठोक म्हणू शकत नाही."

बाबा उठले, डाव्या बाजूची खुर्ची उचलली आणि आईच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुह्या कानाचं माह्यामुळं झालं, असं वाटत होतं मले."

गवार मोडता मोडता आईचे हात थांबले. "हे तुम्ही मनात धरून बसले होते?"

"मनात नाही वं. रोज सांगून राहिलो होतो तुले."

आईनं रिकाम्या डाव्या बाजूकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिचे डोळे भरून आले होते. तिनं गवारीचं ताट अर्धं त्यांच्या मांडीवर सरकवलं.

"आता इकडंच बसत जा," ती म्हणाली.