पोकळ हात

सोलापूर ते अक्कलकोट जीपनं माणसं वाहायची, म्हणजे आमच्या भाषेत वडाप, हा माझा चौदा वर्षांचा धंदा. यात गाडी चालवणं सगळ्यात सोपं. अवघड ते खाकीपुढं उभं राहणं. दोन्ही मला चाचांनी शिकवलं. चाचा माझे उस्ताद. बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून ते सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलंय. आणि पोलिसाची शिटी वाजली की म्हणायचे, "मुंडी नीचे, हात पीछे. वर्दी से बहस नक्को, बेटा."

नाक्यावर दोन वर्षं एक साहेब होता. आधीचे मारायचे, आईबहिणीवरून बोलायचे, किल्ली काढून घेऊन तासभर उन्हात उभं करायचे. त्याची आम्हाला सवय होती. हा मात्र हुशार. हल्ली जो तो मोबाईल काढतो, म्हणून हा कुणाला बोटही लावायचा नाही. दोन ड्रायव्हर समोरासमोर उभे करायचा आणि एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावायचा. स्वतः लिंबाखाली खुर्ची टाकून चहा प्यायचा. अट एकच, आवाज खुर्चीपर्यंत आला पाहिजे.

आम्ही त्यावरही तोड काढली, म्हणजे चाचांनीच काढली. तळहात जरा पोकळ करून मारायचा. आवाज फटाक्यासारखा येतो, लागतं कमी. स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की आम्ही एकमेकांच्या मांडीवर सराव करायचो आणि खिदळायचो. लाज कोळून प्यायलो होतो. साहेबाला फसवतो याचंच आम्हाला कौतुक.

त्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत बसायला निघालेल्या तीन बायका चाचांनी हाक मारून आपल्या गाडीत घेतल्या. धंद्यात हे चालतं. पण माझं डोकं फिरलं. नाक्याजवळ मी त्यांच्या बरोबरीनं गाडी घातली, भांडायला. दोन्ही जीप रस्ता अडवून उभ्या. साहेबानं बोट केलं.

"उतरा दोघं. म्हाताऱ्या, तू आधी."

चाचांनी मारलं ते गालावरची माशी उडवल्यासारखं.

"आवाज आला नाही."

त्यांनी पुन्हा मारलं, तसंच. साहेब हसला. मला म्हणाला, "ह्याला तुझी दया येतीय. आता तू मार. तुझा आवाज आला तर दोघांना सोडतो."

गाड्यांतली माणसं बघत होती. त्या तीन बायकाही. चाचा हळूच म्हणाले, "मार बेटा. पोकळ मार."

मी हात पोकळ केला. पण सकाळचा राग त्या हातात उतरला. खोटं कशाला सांगू, मला मारायचंच होतं. चाचांनी ऐन वेळी मान वळवली आणि हात गालाऐवजी डाव्या कानावर बसला. साहेबानं मांडीवर थाप मारली. "शाब्बास! पळा आता."

तिसऱ्या दिवशी चाचांच्या कानातून पू यायला लागला. मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. गाडीचा दरवाजा लागला, असं चाचांनी सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडंच बघितलं. म्हणाले, सपाट हात असता तर कान लाल झाला असता, एवढंच. पोकळ हातातली हवा कोंडून आत गेली आणि पडदा फाटला.

मग मला फार शौर्य सुचलं. चाचा नको म्हणत असताना मी त्यांना ओढत नाक्यावर नेलं आणि साहेबाला सांगितलं, आम्ही तक्रार करणार.

"कर की," साहेब शांतपणे म्हणाला. "मारलं कुणी? तू. बाबा, ह्याच्याविरुद्ध लिहून द्या. मी स्वतः घेतो." त्यानं कोरा कागद पुढं सरकवला.

चाचांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या घडीला त्यांचा कान माझ्या मनात नव्हताच, माझं लायसन होतं.

"गाडी का दरवाजा लगा, साब," चाचा म्हणाले.

कान वाहत राहिला आणि शेवटी गेलाच. मागून कुणी "थांबवा" म्हटलं तरी चाचा पुढंच न्यायचे. डावीकडून हॉर्न आला तरी पत्ता नाही. दोनदा अपघात होता होता वाचला, मग लोक त्यांच्या गाडीत बसेनात. त्यांनी जीप विकली. साहेबाची बदली झाली. नवा साहेब नुसत्या शिव्या देतो. आम्हाला तो देवमाणूस वाटतो.

चाचा आता स्टँडवर आमच्यासाठी माणसं गोळा करतात. "अक्कलकोट, अक्कलकोट" असं ओरडतात. आपण केवढ्यानं ओरडतो याचा त्यांना अंदाज येत नाही. म्हणून मधेच थांबून मला विचारतात, "आवाज जारा ना, बेटा?"

मी डावीकडं असलो तर उत्तर पोचत नाही. मग वळसा घालून त्यांच्या उजव्या कानाशी जातो आणि सांगतो, "जातोय, चाचा. पार नाक्यापर्यंत जातोय."