बोंबलांशेजारी वाळत घातलेलं कार्ट्रिज

मला राग आला की मी फार छान बोलतो. हे मत माझ्या बायकोचं आहे, आणि ती ते कौतुकाने देत नाही. पण त्या भाऊबिजेला मी जितका छान बोललो, तितका त्याआधी किंवा त्यानंतर कधी बोललेलो नाही.

माझा धंदा लेझर प्रिंटर दुरुस्तीचा. अंधेरी पूर्वेला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर दुकान आहे. पंचवीस वर्षांत नखांतली टोनरची काळी पावडर काही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत लोक मला गॅरेजवाला समजतात आणि मी जिलेबी खाली ठेवून त्यांचा गैरसमज सविस्तर दूर करतो. वर्सोव्याला खाडीच्या बाजूला मच्छीमारांची एक छोटी सोसायटी माझं गिऱ्हाईक आहे. सोसायटीचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक ताई. ताई चाळिशीतल्या, कोळीवाड्यातल्याच. बोटींचे अर्ज, डिझेलचे कागद, खलाशांच्या याद्या, सगळं त्या एकट्या बघतात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांचा मेसेज आला: मशीन ‘टोनर संपला’ म्हणतंय आणि पुढे काही छापतच नाही, कार्ट्रिज तर दोन महिन्यांपूर्वीच नवीन घातलंय. मी चिवडा खात होतो. खाता खाता त्यांना काहीतरी उत्तर धाडलं आणि विसरून गेलो. भाऊबिजेला सकाळी बायकोला घेऊन मुलुंडला बहिणीकडे निघणार, तोच फोन वाजला.

“दादा, या ना जरा. घालून बघितलं, अजून तेच म्हणतंय. नि इथे बोट अडकलेय.”

बोट एका म्हाताऱ्या नाखव्याची होती. इंजिन बिघडून दीड महिना ती किनाऱ्यावर पडून होती आणि त्याचे सात खलाशी तेवढा काळ त्याच्या शब्दावर थांबले होते. आता इंजिन दुरुस्त झालं होतं आणि खलाशांनी तोंडावर सांगितलं होतं, आज निघालात तर तुमच्याबरोबर, नाहीतर उद्या आम्ही दुसऱ्या बोटीवर. बोटीवर कोण कोण चाललंय याची छापील यादी, सोसायटीच्या सही-शिक्क्यासकट, हातात असल्याशिवाय धक्का सोडता येत नाही. हाताने लिहिलेली चालत नाही, कारण वर तो चौकोनी कोड लागतो. आणि भरती दुपारी दीडपर्यंतची. त्यानंतर खाडीतलं पाणी उतरतं आणि एवढी मोठी बोट चिखलात बसते. पुढची भरती मध्यरात्र उलटल्यावर, आणि दीड महिन्याने चालू केलेल्या इंजिनावर अंधारात खाडीचं तोंड पार करायला नाखवा तयार नव्हता.

मी बायकोला एकटीला मुलुंडला पाठवलं आणि साडेअकराला सोसायटीत पोचलो. नाखवा बाकावर बसला होता. शेजारी त्याची सून उभी होती, हातात स्कूटीची चावी. ताई म्हणाल्या, “थांबा हां, परत बाहेर ठेवलंय ते कार्ट्रिज, आणते,” आणि दाराबाहेर गेल्या.

मी मागोमाग गेलो. बाहेर बोंबील वाळवायचे बांबू उभे होते. जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवलेले बोंबील ओळीने लटकत होते, आणि त्या ओळीच्या मधोमध, सुतळीने बांधलेलं, माझं कार्ट्रिज. कार्ट्रिजच्या पोटात ड्रम असतो, चकचकीत हिरवा रूळ. अक्षरं आधी त्याच्यावर उमटतात आणि मग कागदावर जातात. त्याचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे उजेड. म्हणून त्याच्यावर एक झडप असते, आपल्या पापणीसारखी. ताईंनी ती झडप उघडून कपड्यांच्या चिमट्याने मागे धरून ठेवली होती, म्हणजे ऊन नीट आत जावं.

मी सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मशीन म्हणजे मासळी आहे का, असं विचारलं. उद्या कॉम्प्युटरला मीठ लावून बरणीत भराल का, असंही विचारलं. समोरच्या ओट्यावर मासे साफ करणाऱ्या दोघी हात थांबवून बघायला लागल्या, तसा मी आवाज आणखी एक पट्टी वर नेला. प्रेक्षक असले की माझं असं होतं.

ताई शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुम्हीच सांगितलंत.”

“मी? मी असलं सांगीन?”

त्यांनी मोबाइल काढला आणि माझाच आवाज बोंबलांमधून घुमायला लागला. “अहो ताई, संपलंबिंपलं काही नाही. तुमच्याकडे खाडीची हवा, पावडर ओली झालीय.” इथे चिवडा चावल्याचा आवाज. “बाहेर काढा, दोन दिवस चांगलं ऊन दाखवा, नि टाका परत.”

नाखवा दारात येऊन उभा राहिला होता. “आवाज तर मिस्त्रीचाच हाय,” तो म्हणाला.

“मी इंजिनिअर आहे.”

“मग इंजिनेराचा हाय.”

ओट्यावरच्या दोघी हसल्या. मला ऊन दाखवा म्हणजे काय म्हणायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. काहीच म्हणायचं नव्हतं. तोंडात चिवडा होता.

मी कार्ट्रिज सोडवून कानाशी धरून हलवलं. आत पावडर कोरड्या वाळूसारखी सळसळली. जवळजवळ भरलेलं होतं, आणि कधी ओलं झालेलंच नव्हतं. मग मशीन ‘टोनर संपला’ का म्हणत होतं? मी बटणं दाबून मशीनच्या पोटातली माहिती काढली आणि माझा राग त्याच्या खऱ्या धन्याकडे वळला.

हे मशीन पावडरीकडे बघतच नाही. ते मोटर किती फिरली ते मोजतं. ठरावीक फेऱ्या झाल्या की त्याच्या मते पावडर संपली. रश्शात पळी किती वेळा फिरली ते मोजायचं आणि पातेलं रिकामं झालं म्हणून गॅस बंद करायचा, असा हा हिशेब. पातेल्यात डोकावायचं नाही.

“ताई, तुमच्याकडे लाइट जाते का?”

“दोन महिने झाले, दिवसातून वीस वेळा. कसलं तरी काम चाललंय म्हणतात.”

झालं. लाइट आली की मशीन जागं होतं, आणि जागं झालं की मोटर एक कागदही न छापता मिनिटभर फिरते. वीस वेळा जागं होणं, रोज. बिचाऱ्या मोटरने हवेत फिरून फिरून एक भरलेलं कार्ट्रिज संपवलं होतं. आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. एक प्रश्न विचारायचा होता फक्त, लक्ष्मीपूजनाला.

ते वाक्य मी मनातच ठेवलं. मोठ्याने मी कंपनीला धरलं. दहा मिनिटं धरलं. पावडर माझी, पैसे माझे, आणि संपली की नाही हे सांगणार तू कोण? असं मी त्या प्रिंटरला बोट दाखवून विचारलं.

नाखव्याची सून म्हणाली, “काका, मोबाइलवर यादी घेऊन बाहेरून छापून आणू का? गल्लीतला झेरॉक्सवाला भाऊबिजेला विरारला गेलाय, पण सात बंगल्याच्या नाक्यावर कोणीतरी उघडं असेल.”

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “दहा मिनिटांत देतो.”

पंचवीस वर्षं मशीन दुरुस्त करणारा मी समोर असताना माझ्या गिऱ्हाइकाची यादी कोणीतरी झेरॉक्सवाला छापणार, हे मला सहन होणारं नव्हतं. तिने सासऱ्याकडे बघितलं. नाखवा बाकावर परत बसला आणि म्हणाला, “मिस्त्री म्हणतोय तर बस जरा.” बारा वाजले होते.

मशीनला फसवायची एक युक्ती असते. दार अर्धवट उघडं ठेवून एक बटण दाबून धरायचं, मग ते निमूटपणे ‘तुमच्या जबाबदारीवर’ छापायला तयार होतं. ती मी केली, मोटर गुरगुरली आणि कागद बाहेर आला. तव्याच्या बुडासारखा काळा. सात खलाशी त्या काळोखात कुठेतरी होते.

“हे काय?” ताईंनी विचारलं.

“ऊन,” मी म्हणालो. ड्रम मेला होता. नवा माझ्या गाळ्यात होता, गाळ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटला दिवाळीचं कुलूप होतं आणि वॉचमन गावाला. “जुनं कार्ट्रिज टाकून दिलंत का?”

ताईंनी कपाट उघडलं. त्या काहीच टाकत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी काढलेलं रिकामं कार्ट्रिज प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड लावून, अंधारात जपून ठेवलेलं. मी तिथेच जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. जुन्याचा ड्रम काढून नव्यात बसवायचा, एवढंच. पण ड्रम धरून ठेवणाऱ्या दोन पिना जागेवरून हलेनात, आणि मला पुन्हा बोलायला विषय मिळाला. या पिना कोणी आणि का बसवल्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल या लोकांच्या मनात काय असतं, एकदा वापरा आणि फेका हे आपल्याला कोणी शिकवलं, यावर मी मान खाली घालून बराच वेळ बोललो. ताई मध्ये मध्ये “हो ना” म्हणत होत्या. मग त्या “हो ना” म्हणायच्या थांबल्या. खोली शांत झाली. मला वाटलं, चला, माझं म्हणणं यांना पटलंय.

ड्रम बसला. कार्ट्रिज आत सरकवलं. मोटर फिरली, कण्हली आणि बंद पडली. या मोटरला स्वतःचा वेग कळत असतो. ठरलेल्या क्षणात तो गाठता आला नाही की मशीन सगळंच थांबवतं, काही तुटू नये म्हणून. म्हणजे कुठेतरी अडत होतं. मी पुन्हा सगळं बाहेर काढलं, बॅटरी तोंडात धरली आणि चाकांचा एकेक दात तपासत गेलो. कार्ट्रिजच्या बाजूच्या दातेरी चाकात माशाचं एक खवलं बसलं होतं, अभ्रकासारखं चमकत. दोन दिवस ओट्यासमोर टांगून ठेवल्यावर दुसरं काय बसणार. मघापर्यंत ते कडेला चिकटून असणार, माझ्या उलथापालथीत दातांत गेलं. चिमट्याने मी ते काढलं. भिंतीवरच्या घड्याळात दीडला पाच कमी होते.

परत घातलं. मोटर फिरली, या वेळी एका सुरात, जशी फिरायला हवी तशी. कागद आला. काय सुंदर आला होता म्हणून सांगू, अक्षर न् अक्षर कोरलेलं, वरचा कोड ठसठशीत, खाली सात नावं. मी तो दोन बोटांत उंच धरला आणि वळलो.

“घ्या,” मी म्हणालो.

खोलीत एक मांजर होतं. ते काळ्या कागदावर बसलं होतं.

बाक रिकामा. ताईंची खुर्ची रिकामी. शिक्का टेबलावर नव्हता. मी कागद हातात धरून धक्क्याकडे पळालो, बावन्नाव्या वर्षी, चपला घालायला विसरून. धक्क्यावर कोळणींचा घोळका होता आणि खाडीचं पाणी उतरायला लागलेलं. नाखव्याची बोट झेंडूची माळ घालून खाडीच्या तोंडाशी पोचली होती. इंजिनाचा आवाज स्वच्छ येत होता. नाखवा मागे उभा होता, पाठमोरा. सून स्कूटीला टेकून बोटीकडे बघत होती.

“सात बंगल्याला एक उघडा होता,” ताई म्हणाल्या. “तुम्ही पिना काढायला घेतल्यात ना, तेव्हाच हिला पाठवली. मी शिक्का घेऊन इकडेच आले.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं.”

“दहा मिनिटं म्हणालो होतो ना.”

“बारा वाजता म्हणाला होतात.”

मी सुनेकडे बघितलं, काही आधार मिळतो का म्हणून. ती म्हणाली, “काका, तुम्ही एवढं मनापासून बोलत होतात. मध्येच उठवणं बरं दिसेना.”

मला संताप आला. या बायांचा, त्या झेरॉक्सवाल्याचा, कंपनीचा. तो सगळा फिरून फिरून माझ्यावरच येऊन बसायला लागला, तशी मी नजर बोटीकडे वळवली. बोट दिसेनाशी होत होती. माझ्या म्हणण्यावर ती थांबली असती तर आता समोर चिखलाकडे सरकत असती, आणि उद्या सात माणसं दुसऱ्याच्या बोटीवर गेली असती. नाखव्याने मला मिस्त्री म्हटलं होतं आणि माझ्या शब्दावर सुनेला बस म्हणाला होता. मला फक्त मिस्त्री तेवढं ऐकू आलं होतं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “ऊन दाखवायचं पण मीच सांगितलं आणि थांबायचं पण.”

ताईंनी माझ्या हातातला कागद घेतला, उन्हात धरून बघितला. “छान आलंय की,” त्या म्हणाल्या. “मशीन चालतंय ना आता?”

“चालतंय.”

“मग चला. मध्यरात्रीच्या भरतीला अजून दोन बोटी निघायच्यात, त्यांच्या याद्या काढून घेऊ. लाइट जायच्या आत.” त्या पुढे निघाल्या आणि न वळता म्हणाल्या, “नि दादा, खडे टोचतील, कडेने या.”

मी कडेकडेने त्यांच्या मागे गेलो. वाटेत त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं, आणि मी दोन्ही वेळा आधी नीट ऐकून घेतलं.