चर्चचे चौदा बाक आणि तीन ढेकूण

आमच्या मुलुंडच्या चर्चमधले चौदाही बाक मी केलेले आहेत. अस्सल सागवान, खाचेत खाच बसवून जोडलेलं, एकही खिळा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चर्चमध्ये हे कोणी सांगत नाही.

नगरकडून हातात रंधा घेऊन आलो आणि स्टेशनजवळ स्वतःचं फर्निचरचं दुकान टाकलं. माझा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी चर्चच्या पंचांनी बाकांचं काम दिलं, आणि "देवाचं काम आहे, देवाचं काम आहे" म्हणत तीन संध्याकाळी माझ्याशी घासाघीस केली. देवाच्या कामालाही वखारवाला लाकूड फुकट देत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. शेवटी नफा सोडला. पुढच्या रविवारी माझ्याच हातच्या तिसऱ्या बाकावर ऐटीत जाऊन बसलो, तोच मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे मिशनच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी छत्रीचं टोक बाकावर टेकवलं.

"इथे आमची माणसं बसतात."

मी मागे वळून पाहिलं. माणसं कोणीच नव्हती.

"येतील," बाई म्हणाल्या.

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. ती माणसं अजून यायची आहेत. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो, जिथे पावसाळ्यात पाठ भिजते आणि उन्हाळ्यात टाळू तापते. मनात काही ठेवलेलं नाही. फक्त लक्षात आहे.

म्हणून पाळकसाहेबांनी एकदा उपासनेनंतर मला बाजूला घेतलं तेव्हा मी सावध झालो. ईस्टरला एका नवऱ्याबायकोचा बाप्तिस्मा झाला होता. मालवणकडची माणसं, भांडुपच्या चाळीत राहणारी. तो रंगाच्या कारखान्यात कामाला. "त्या दोघांना मंडळीत जरा रुळवा," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हीही बाहेरूनच आलात. तुम्हाला कळेल."

बारा वर्षांनंतरही बाहेरून! मी भडकलो, पण काम घेतलं. मला नाही म्हणायचं असतं तेव्हा मी आधी हो म्हणतो आणि मग अटी घालतो. इथे अटी घालायच्या राहून गेल्या.

पहिल्या रविवारी मी त्या दोघांना दुसऱ्या बाकावर बसवलं. चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांचं कुटुंब आलं, गोड हसलं, "सलाम" म्हणालं आणि उभंच राहिलं. दोघं उठली. पुढच्या रविवारी पाचवा बाक. तिथे एका नर्सबाईची पर्स दर रविवारी तिच्या आधी येऊन बसत असे. तिसऱ्या वेळी मी त्यांना मोठ्या बाईंच्या बाकावर पाठवलं. हे जरा मुद्दाम केलं, कबूल करतो. छत्री टेकली. "इथे आमची माणसं बसतात."

त्या दिवशी बाहेर पिंपळाखाली तो मला म्हणाला, "दादानू, आमचा काय चुकला? बसलो की उठवतत. चाळीत आता गणपतीक कोण बोलावणत नाय. हय येवन बघूचा, तर हय पण जागा नाय."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पुढच्या रविवारी बघतलव," ती म्हणाली. "नायतर नाय येवचा."

तेवढं बोलून ती दोघं स्टेशनकडे चालू लागली. मला राग आला की माझी विचारशक्ती कामाला लागते. शनिवारी सकाळी बॅटरी घेऊन मी चर्चमध्ये गेलो, बाक उलटे केले आणि फटी तपासल्या. तिसऱ्या बाकात तीन ढेकूण सापडले. काडेपेटीत घालून पाळकसाहेबांकडे नेले.

"सगळे बाक आजच्या आज दुकानावर न्यावे लागतील. उकळतं पाणी, रॉकेल, मग ऊन. आठवडा जाईल."

"तीन ढेकणांसाठी चौदा बाक?"

"ढेकूण एका जागी राहत नाहीत, पाळकसाहेब. तिसऱ्या बाकावरचे चौथ्यावर जातात. जात नाहीत ती फक्त माणसं."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काडेपेटीकडे पाहिलं. "उद्या मंडळी बसेल कुठे?"

"शाळेच्या सतरंज्या आहेत."

त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. ते एवढंच म्हणाले, "उन्हात नीट वाळवा."

रविवारी मंडळी दारात आली आणि तिथेच थबकली. पुढे नाही, मागे नाही, दुसरा-तिसरा काही नाही, नुसती सतरंजी. कडक इस्त्रीच्या पाटलोणीतले सेक्रेटरीसाहेब दोन्ही पाय एका बाजूला काढून लग्नातल्या नवरीसारखे बसले. नर्सबाईंना पर्स कुठे ठेवावी कळेना. फक्त मालवणी जोडपं मांडी घालून असं ऐसपैस बसलं, की जणू त्यांच्याच घरी बाकीचे पाहुणे आले आहेत.

मोठ्या बाई भिंतीला धरून कशाबशा खाली बसल्या. आणि पाळकसाहेबांनी पहिलं गीत सांगितलं.

आमच्याकडे गीत उभं राहून म्हणतात आणि वचन बसून ऐकतात. चार गीतं म्हणजे चार वेळा उठणं. मंडळी उठली. बाई उठल्या नाहीत. गुडघे अडकले होते. शेजारी होती ती मालवणी बाई. तिने एका हाताने बाईंची काख धरली, दुसऱ्याने कंबर.

"घट्ट धरा माका. आता ह्यो पाय फुडे. हां!"

बाई पोतं उचलावं तशा सरळ वर आल्या. दुसऱ्या गीताला बाईंनी स्वतःच हात पुढे केला. तिसऱ्याला कुजबुजल्या, "हाताला ताकद आहे गं तुझ्या. करतेस काय?"

"भात कांडतंय."

चौथं गीत संपल्यावर तर बाई एकट्या बसेनात. मालवणी बाई बसेपर्यंत तिचा पदर धरून उभ्या होत्या. आणि तिचा नवरा भजनाच्या मोकळ्या आवाजात असा गायला, की आमचा पेटीवाला त्याच्या मागे धावत होता.

पुढच्या शनिवारी मी बाक परत लावले. रविवारी दारातूनच पाहिलं: तिसऱ्या बाकावर मोठ्या बाई, त्यांना खेटून ती मालवणी बाई, पलीकडे तिचा नवरा. झालं आपलं काम. आणि वाटेच्या कडेला एका माणसाची जागा रिकामी! मी विचार केला, आता ही आपलीच. ताठ मानेने पुढे गेलो.

छत्री टेकली.

"इथे माणूस बसायचा आहे."

"कोण?"

"येईल."

माझं डोकंच सरकलं. "बाई, हा बाक मी केलाय!"

अख्खी मंडळी वळून बघू लागली. बाई शांत. "माहीत आहे. डुगडुगतो."

माझा बाक? डुगडुगतो? मी तिथेच वाटेत गुडघ्यांवर बसलो आणि बाकाचे पाय चाचपू लागलो. पाळकसाहेबांना वाटलं, मी पश्चात्तापाने गुडघे टेकले. की त्यांनी मुद्दाम तसं वाटून घेतलं, देव जाणे. "आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला उठताही येईना. प्रार्थना लांबली. तिच्यात रागावर एक अख्खं वाक्य होतं.

आमेन झालं तेव्हा मालवणी माणसाने दंड धरून मला वर ओढलं. "दादानू, हयच बसा. आमी सरकतव." ती दोघं सरकली. बाईंनी छत्री उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

उपासना संपल्यावर मी बाईंना सुनावलं, "बाक डुगडुगत नाही. चारी पाय तपासले मी."

"आता नाही डुगडुगणार," बाई उठता उठता म्हणाल्या, मालवणी बाईच्या खांद्यावर हात ठेवून. "कडेला वजन आलं ना."