"कशावरून?" विचारणारे सर

आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू सर म्हणजे छापील कागदावर अजिबात विश्वास नसलेला साऱ्या विट्यातला एकमेव माणूस. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गुडघ्याच्या तेलाची बाटली वाचणं. मी ती चोळायला आणली, सरांनी आधी वाचायला घेतली. निम्मी संध्याकाळ गेली, गुडघा कोरडाच.

कॉलेजात बीएच्या पोरांना ते वाचायला शिकवायचे. मी म्हटलं, "आवं, एवढ्या घोड्यांस्नी वाचाया येत न्हाई व्हय?" तर म्हणाले, "येतं आबा. पण वाचलं की लगेच पटतं, तोच रोग आहे." पुस्तक सोडून ते वर्गात लग्नपत्रिका, बियाण्याची पिशवी, असलं काहीबाही न्यायचे आणि विचारायचे, कोण म्हणतंय, कशावरून, काय गाळलंय? गल्लीतल्या नळाला कुणीतरी 'उद्या पाणी येईल' अशी पाटी अडकवलेली. सरांनी तिच्यावर लाल पेनानं 'कोणता उद्या?' लिहिलं. पाणी आलं नाही, पाटी तेवढी गेली.

एकदा मलाच वर्गात नेलं. टकलावर केस उगवायच्या औषधाचं पत्रक होतं. पोरांनी 'लाखो समाधानी' याखाली रेघा मारलेल्या. मी म्हटलं, "लाखातल्या एकाचं तरी नाव-गाव घाला की रं!" सर बाकावर हात आपटून ओरडले, "बघा, चौथी शिकलेला माणूस!" हे आमच्या मंडळींना सांगायला मी तरातरा घरी आलो, आणि दारात आठवलं, ती नाही.

तिला जाऊन वर्ष झालं होतं. सांगलीच्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं, पेशंटला उशिरा आणलं. म्हणजे मीच मारली. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

तर त्या शेवटच्या संध्याकाळी तेलाची बाटली वाचून झाल्यावर सर म्हणाले, "रिटायर झालो. उद्या सहाला टेम्पो, साताऱ्याला चाललो. अजून काही वाचायचं राहिलंय?" मी तो कागद पुढं केला.

त्यांनी धीरबीर दिला नाही. "कोण म्हणतंय?"

"डाक्टर."

"कशावरून? इथं लिहिलंय, आदल्या दिवसापासून छातीत दुखत होतं."

"खोटं हाय! पहाटं चारला दुखाय लागलं, सव्वाचारला गाडीत घातली."

"तुम्हाला विचारलं होतं कुणी?"

"कुनीबी न्हाई."

"मग लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आबा. ज्याला ठाऊक आहे तो हा इथं बसलाय." असं म्हणून त्यांनी कागदाची घडी माझ्या हातात दिली आणि सामान बांधायला वर गेले.

सकाळी त्यांना भाजक्या शेंगा बांधून द्यायच्या होत्या. वर्षभर चारला उघडणारे माझे डोळे त्या दिवशी नऊला उघडले. टेम्पो गेलेला. शेजारीण म्हणाली, "सर लय हाका मारत हुते. मग खिडकीतनं बघितलं आन् म्हनले, घोरतायत, घोरू द्या."