अक्काच्या नावाची चिठ्ठी

माझा आवाज पहिल्यापासून घोगरा. त्यामुळे आमच्या घरी गाण्यातला नवरा नेहमी मी व्हायचे आणि बायको अक्का. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा कोणी काय व्हायचं हे तीच ठरवायची.

गाणं अहिराणी होतं. आम्ही बोदवडच्या, आमच्याकडची बोली निराळी. पण वडिलांनी पहूरच्या बाजारातून एक कॅसेट आणली आणि तिनंच आम्हाला अहिराणी शिकवली. गाणारा धुळ्याकडचा. कव्हरवर त्याचा फोटो होता, भरघोस मिशा, गळ्यात रुमाल, हातात डफ. त्या फोटोपायी आम्ही दोघी वेड्या झालो होतो, आता सांगायला लाज कसली. अक्का म्हणायची, हा माणूस सहा फूट तरी असणार.

गाण्यातला नवरा घरी येतो आणि विचारतो, ‘कोठे गयथी वं तू?’ कुठं गेली होतीस? बायको दर वेळी नवी थाप मारते. पाण्याला गेले होते, दळणाला गेले होते, आणि त्यात मग विहिरीवरची भांडणं, चक्कीवाल्याची गंमत, हे लांबण. शेवटी ती म्हणते, माहेरले. माहेरचं नाव निघालं की नवरा गप्प, गाणं संपलं. म्हणजे माझ्या वाट्याला चार शब्द, बाकी सगळं गाणं अक्काचं. मी कुरकुरले की म्हणायची, ‘तू डोकं चालवू नकोस. विचारत राहा फक्त.’

पुढे अक्काला शिरपूरला दिली. सासर अहिराणी बोलणारं मिळालं म्हणून ही खूश. नवऱ्याआधी मला त्याची भाषा आवडली, असं ती त्याच्या तोंडावर सांगायची. मी लग्न केलं नाही. बोदवडच्या शाळेत शिकवलं, आईवडिलांचं केलं, ते गेल्यावर त्याच घरात राहिले. तेव्हापासून अक्काचं माहेर म्हणजे मी एकटी.

त्या गाणाऱ्याला आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कार्यक्रमात लोक फर्माईशीच्या चिठ्ठ्या देतात आणि तो नाव-गाव वाचून मग गातो, एवढं ऐकून होतो. अक्काला तेवढंच पाहिजे होतं. त्याच्या तोंडून एकदा आपलं नाव यावं. साठी उलटली, सुना आल्या, तरी हे खूळ गेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात तिचा फोन आला. तो शिरपूरला येतोय, म्हणाली. ‘मी आधी दोन दिवस तुझ्याकडे येते, मग दोघी बरोबर इकडे येऊ. गाणं एकदा घोटून घेऊ, तुझा भरवसा नाही.’ माझ्याकडे तेव्हा घराला रंग चालला होता. सामान सगळं अंगणात, डोकं भणभणलेलं. मी म्हटलं, रंग वाळला की ये. ‘रंग काय पळून चाललाय का?’ ती म्हणाली. मी चिडले. मला चिडायला कारण लागत नाही. तू एकटी जा हवं तर, असं म्हणून फोन ठेवला.

ती एकटी गेली नाही. संक्रांत झाली आणि आठ दिवसांत छातीत कळ आली, अक्का गेली. मी शिरपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती.

यंदा पेपरात वाचलं, धुळ्याला अहिराणीचा मेळावा आहे आणि दुपारच्या सत्रात तो गाणार. अक्काच्या सुनेला फोन केला, येतेस का म्हणून. ती हळूच म्हणाली, ‘मावशी, अजून वर्ष नाही झालं.’ तिचं बरोबर होतं. वर्षाच्या आत गाणंबजावणं ऐकायला जाऊ नये. पण अक्का होती तेव्हा मी गेले नाही आणि आता नियम पाळत घरात बसू? बैल गेला अन् झोपा केला, असं कोणी म्हणालं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. बोदवडहून रेल्वेनं जळगाव, तिथून एसटीनं धुळं.

सभागृह भरलेलं. निम्म्याहून जास्त बाया. तो आला तर काय, माझ्या खांद्याला लागेल एवढाच. मिशा काळ्या केलेल्या, चालताना एक पाय जपत होता. सहा फूट म्हणे. हे आता सांगायचं कोणाला, या विचारानं हसू फुटलं.

आवाज थकलेला होता. वरच्या पट्टीत जायचा आणि मधेच खाली उतरायचा. कॅसेटमध्ये बायकोच्या ओळी म्हणणारी बाई बरोबर नव्हती, त्या ओळी तो समोरच्यांकडून म्हणवून घ्यायचा. चिठ्ठ्या गोळा करायला एक बाई रांगांमधून फिरत होत्या. मी वहीचं पान फाडलं, अक्काचं नाव लिहायला घेतलं आणि आधी ‘कै.’ लिहिलं. तिच्या दिवसकार्याच्या, गंधमुक्तीच्या पत्रिकेतही मीच तसं लिहून दिलं होतं, तेव्हा हात अडला नव्हता. आता त्याच्या तोंडून पहिल्यांदा नाव यायचं आणि नावाआधी हे? पान चुरगळलं. दुसऱ्यावर नुसतं तिचं नाव लिहिलं, शिरपूर लिहिलं, गाणं लिहिलं.

दोन गाण्यांनंतर त्यानं चष्मा लावला आणि अक्काचं नाव वाचलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, सावकाश. मी डोळे मिटले. झालं, म्हटलं, मिळालं तुला. तेवढ्यात तो म्हणाला, ‘शिरपूरन्या अक्का, कोठे बठेल शेतस? हात वर करा, माय.’

याचा विचार मी केलाच नव्हता. तो वाट पाहत होता, लोक माना वळवत होते. हात वर झाला नाही तर तो चिठ्ठी बाजूला ठेवील आणि पुढची उचलील, एवढंच डोक्यात आलं. मी हात वर केला.

त्यानं नमस्कार केला. ‘गानं तुम्हनं, तं जवाब तुम्हीच द्या.’ चिठ्ठ्यांवाल्या बाईंनी माईक आणून माझ्या हातात दिला. त्यानं डफावर थाप मारली, ओळ म्हटली आणि माझ्याकडे बोट केलं. बायकोच्या ओळी मला येत नव्हत्या. चाळीस वर्षं मी त्या ऐकल्या आणि कधी पाठ केल्या नाहीत, कारण त्या म्हणायला अक्का होती. तोंड उघडलं तर माझीच ओळ बाहेर आली.

‘कोठे गयथी वं तू?’

सगळं सभागृह हसलं. तोही हसला. ‘अक्का, हाऊ तं मना सवाल शे,’ म्हणाला. मग माझं तोंड पाहून की काय, हसायचा थांबला. ‘बरं, तुम्हीच विचारा. बठ्ठ्या बाया जवाब देतीन.’

मग मी विचारत राहिले. पाण्याला, सगळ्या बायांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं. दळणाला. माझा आवाज फाटत होता, पण गाणं गमतीचं, त्यामुळे लोकांना वाटलं मी मुद्दाम नकला करतेय. बाया टाळ्या वाजवत होत्या. मी खरंच विचारत होते. मला त्या सगळ्या आवाजांतून तिचा एक ऐकायचा होता.

शेवटचं उत्तर बायांनी उभं राहून दिलं. माहेरले.

त्याच्यापुढे गाण्यात प्रश्न नाही. मी माईक परत दिला आणि खाली बसले. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, अक्का, माहेर कुठलं तुमचं? मी बोदवड म्हटलं. अक्का निघाली होती तिकडे, मीच तिला म्हटलं, रंग वाळला की ये.